देवाची माझ्यासाठी योजना काय? पंडिता रमाबाईंच्या आयुष्यावर एक मनन

आजचं वाचन: २ करिंथ १:३-७ (वेळ असेल तर योहान ४ सुद्धा वाचा)



तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा मेसेजमध्ये एकच प्रश्न असतो. ताई, देवाने मला कशासाठी बोलावलंय हे मला कसं कळणार? खरं सांगू का, हा प्रश्न मी स्वतःच गेली तीन वर्षं देवाला विचारतेय. भोसरी एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत मी क्वालिटीमध्ये आहे. दिवसभर हातात व्हर्नियर आणि मायक्रोमीटर. जॉब ड्रॉइंगप्रमाणे आहे का ते बघायचं, असेल तर पुढे पाठवायचा, नसेल तर बाजूला लाल ट्रेमध्ये. संध्याकाळी बसमध्ये उभी असते तेव्हा मनात येतं, प्रभू, यासाठीच का रे तू मला निवडलंस? माझ्याबरोबरचे दोघं जण सेवेच्या प्रशिक्षणाला गेले, एक मैत्रीण आदिवासी पाड्यावर शिकवायला गेली, आणि मी मात्र इथे बुशचा व्यास मोजत बसलेय.

आमच्या कामात ड्रॉइंग आधी येतं. प्रत्येक माप, प्रत्येक टॉलरन्स त्यावर लिहिलेलं असतं, त्याशिवाय मशीनवाला हात लावत नाही. मला वाटतं, आपण देवाकडेही तेच मागतो. आधी पूर्ण ड्रॉइंग दे, मग मी सुरू करते.

मागच्या महिन्यात आमच्या मंडळीतल्या तरुण संघाबरोबर केडगावला जाऊन आले. भोसरीहून बसने पुणे स्टेशन आणि तिथून दौंडकडे जाणारी गाडी. पंडिता रमाबाईंनी उभं केलेलं मुक्ती मिशन तिथे आजही आहे. नाव आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं, शाळेत एखादा धडाही असतो, पण परत आल्यावर मी त्यांचं आयुष्य पहिल्यांदा नीट वाचलं. आणि एक गोष्ट लक्षात आली. या बाईंना पूर्ण ड्रॉइंग कधी मिळालंच नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. बायकांना संस्कृत शिकवणं त्या काळी पाप मानलं जायचं, तरी त्यांनी आधी बायकोला शिकवलं. मग लक्ष्मीबाईंनी, म्हणजे त्या आईने, पहाटे उठून लेकीला शिकवलं. भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना लहानपणीच तोंडपाठ होते. घर असं नव्हतंच. हे कुटुंब तीर्थक्षेत्रांमधून फिरायचं, पुराण सांगायचं आणि लोक देतील त्यावर जगायचं.

मग दुष्काळ आला. होतं नव्हतं ते संपलं. थोड्याच काळात वडील गेले, आई गेली, मोठी बहीण गेली. आईला न्यायला चार माणसं मिळेनात, तेव्हा कोवळ्या वयाच्या रमाबाईंनी स्वतः तिरडीचा भार उचलला. उरले दोघं, त्या आणि भाऊ श्रीनिवास. दोघं हजारो मैल पायी चालले. अंगावर पांघरूण नाही, म्हणून झेलम नदीच्या काठी थंडीच्या रात्री त्यांनी वाळूत खड्डे केले, त्यात झोपले आणि अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली.

इथे मी वाचताना थांबले. ही रात्र लक्षात ठेवा, पुढे आपल्याला परत इथे यायचंय.

१८७८ मध्ये दोघं भावंडं कोलकात्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. सगळ्या हिंदुस्थानात नाव झालं. पण १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं, जात आणि प्रांत दोन्ही वेगळे. १८८१ मध्ये मनोरमा झाली. आसाममधल्या सिल्चरच्या घरात नवऱ्याच्या पुस्तकांमध्ये त्यांना बंगाली भाषेतलं लूकचं शुभवर्तमान सापडलं आणि त्यांनी ते वाचायला सुरुवात केली. नवऱ्याला मात्र बायकोने ख्रिस्ती व्हावं हे पटणारं नव्हतं. १८८२ मध्ये कॉलऱ्याने तेही गेले. तेविसाव्या वर्षी विधवा, कडेवर वर्षाचंही नसलेलं बाळ.

आपल्यापैकी कुणी असतं तर देवाला काय विचारलं असतं? मी तर विचारलंच असतं, ही कसली तुझी योजना?

रमाबाई पुण्याला आल्या. बायकांसाठी आर्य महिला समाज काढला, 'स्त्री धर्म नीति' हे पुस्तक लिहिलं. शिक्षणाबद्दल सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढे जाऊन सांगितलं की इथल्या बायकांना शिक्षिका हव्यात आणि स्त्री डॉक्टर हव्यात. मग त्यांना वाटलं, आपणच डॉक्टर व्हावं. किती सरळ, किती चांगला हेतू! १८८३ मध्ये मनोरमाला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेज गावातल्या अँग्लिकन भगिनींच्या मठात राहिल्या.

आणि तिथे दार बंद झालं. रमाबाईंना नीट ऐकू येत नव्हतं, आणि या बहिरेपणामुळे वैद्यकीय शिक्षण होणं शक्य नाही हे स्पष्ट झालं. समुद्र ओलांडून ज्यासाठी गेल्या होत्या तेच संपलं.

पण त्याच काळात दुसरं काहीतरी घडलं. लंडनजवळ फुलहॅम इथे त्या भगिनींचं एक घर होतं. समाजाने वाईट चालीच्या म्हणून टाकून दिलेल्या बायकांना तिथे ठेवून घ्यायचे, प्रेमाने सांभाळायचे. रमाबाईंनी असलं काही आयुष्यात बघितलं नव्हतं. हे लोक यांच्याशी असं का वागतात, असं त्यांनी विचारलं. तेव्हा एका भगिनीने त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली, योहान ४. रमाबाई एवढ्या ग्रंथांच्या जाणकार, पण पापी ठरवलेल्या बाईशी इतक्या आदराने बोलणारा आणि तिलाच पाणी देऊ करणारा प्रभू त्यांना नवा होता. २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी आणि छोट्या मनोरमाने बाप्तिस्मा घेतला.

आता तुम्ही म्हणाल, झालं, इथून पुढे सगळं सोपं. अजिबात नाही! इकडे महाराष्ट्रात लोक चिडले, आपली पंडिता परक्यांनी पळवली असं झालं. तिकडे इंग्लंडमधल्या चर्चच्या लोकांची तक्रार की ही बाई फार प्रश्न विचारते, सांगितलेलं सगळं मुकाट्याने मानत नाही. दोन्हीकडून बोलणी. त्या काळात त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात संस्कृत शिकवत होत्या आणि स्वतः शिकत होत्या.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या. बघा, जे स्वप्न स्वतःचं मोडलं, तेच दुसरीचं पूर्ण होताना बघायला त्या फिलाडेल्फियात टाळ्या वाजवायला हजर! मला हे जमलं असतं का, माहीत नाही. थोड्या दिवसांसाठी गेलेल्या रमाबाई तिथे दोन वर्षांहून जास्त राहिल्या. बालवाडीत शिकवण्याची पद्धत शिकल्या, १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, गावोगावी भाषणं केली. बॉस्टनमध्ये त्यांच्या नावाने मंडळ स्थापन झालं आणि त्यांनी भारतातल्या बालविधवांच्या शाळेसाठी दहा वर्षं पैसे देण्याचं ठरवलं.

डॉक्टर व्हायला निघालेली बाई शाळा काढायला परत आली. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. इथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई, ज्यांच्याशी पुढे धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला. म्हणजे पुढच्या कितीतरी कामाचं बी याच सदनात पडलं.

आता एक नाजूक गोष्ट, आणि मला वाटतं या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची. बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाली होती. शाळा चालली होती, नाव होतं, चांगलं काम होतं. आणि या वेळी, १८९१ च्या सुमारास, रमाबाईंच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त स्वतः अजून मिळालाच नाही. एका इंग्लिश पाळकाची साक्ष त्यांच्या वाचनात आली. तो पाळक असूनही त्याचं तारण फार उशिरा झालं होतं. त्या पुस्तकाने रमाबाईंना हलवलं. आपण प्रभूविषयी पुष्कळ शिकलो, त्याच्यासाठी पुष्कळ केलं, पण आपला भार अजून आपल्याच डोक्यावर आहे हे त्यांनी कबूल केलं आणि जशा होत्या तशा त्याच्या स्वाधीन झाल्या.

प्रियांनो, आपण पाचारण शोधतो, पण पाचारण करणाऱ्याला शोधतो का? मी क्वालिटीत राहू की सेवेत जाऊ, पुण्यात की पाड्यावर, हे प्रश्न मी रोज घेऊन बसते. आणि ज्याच्याकडे घेऊन बसते त्याच्याजवळ नुसतं बसायला मला दहा मिनिटं नसतात. रमाबाईंचं हे वाचून मला लाज वाटली.

यानंतर त्यांच्या अडचणी वाढल्याच. सदनातल्या काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला आपणहून बसायला लागल्या. त्यावरून पुण्यात वादळ उठलं. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई मागे हटल्या नाहीत. मी कुणावर सक्ती करत नाही, पण माझ्या खोलीचं दारही कुणासाठी बंद करणार नाही, अशी त्यांची भूमिका होती.

आणि मग १८९६ चा दुष्काळ आला, मध्य प्रांतात. बातम्या यायला लागल्या. माणसं मरतायत, अनाथ मुली रस्त्यावर आहेत, आणि त्यांना पळवून नेऊन विकणारेही फिरतायत. आता ती वाळूतली रात्र आठवा. दुष्काळ म्हणजे काय हे रमाबाईंना वर्तमानपत्रातून कळलेलं नव्हतं. पोटाला काही नसताना रस्त्यावर असलेली मुलगी त्या स्वतः होत्या. हातात पैसा नव्हता, शाळाच कशीबशी चालली होती. तरी त्या गेल्या. हाडांचे सापळे झालेल्या, अंगावर जखमा असलेल्या मुली घेऊन आल्या. तीनशेच्या आसपास.

पुण्यात तेव्हा प्लेगची साथ होती, शहरात एवढ्या मुली ठेवायला परवानगी मिळेना. पण शाळेला उत्पन्न व्हावं म्हणून रमाबाईंनी काही वर्षं आधी केडगावला शेतजमीन घेऊन ठेवली होती. मुलींना तिकडे नेलं. आधी झाडाखाली आणि झोपड्यांमध्ये, मग इमारती उभ्या राहिल्या. नाव ठेवलं मुक्ती. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळात आणखी मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली! एवढ्या जणींचं रोजचं जेवण, कपडे, औषधं, शाळा. विणकाम, शेती, गाई-म्हशी, तेलाचा घाणा, छापखाना, सगळं बायका चालवायच्या. अंध मुलींना ब्रेल शिकवलं जायचं. आणि समाजाने टाकलेल्या बायकांसाठी वेगळं कृपा सदन होतं. फुलहॅमला बघितलेलं ते घर इथे दौंडच्या माळावर परत उभं राहिलं.

बघा ना, एकही गोष्ट वाया गेली नाही. आईने पहाटे शिकवलेलं संस्कृत, भूक, चालणं, वैधव्य, फुलहॅम, अमेरिकेतली बालवाडी, सगळं कामाला आलं. पण घडत असताना त्यातल्या एकाही गोष्टीवर लिहिलेलं नव्हतं की हे केडगावसाठी आहे.

शेवटचं काम तर आणखी नवलाचं. आयुष्याची शेवटची पंधराएक वर्षं रमाबाईंनी पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर करण्यात घालवली. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. एवढी मोठी संस्कृत पंडिता, पण त्यांनी भाषा मुद्दाम साधी ठेवली, खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला कळेल अशी. छपाई मुक्तीतल्याच मुलींनी केली, ज्यांना कधीकाळी रस्त्यावरून उचलून आणलं होतं. ऐकू येणं कमी होत गेलं होतं. १९२१ मध्ये ज्या मनोरमाच्या हाती सगळं सोपवायचं होतं तीच गेली. तरी प्रुफं तपासणं थांबलं नाही. ते काम हातावेगळं झालं आणि ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई प्रभूकडे गेल्या. संपूर्ण ग्रंथ बाहेर आला तो १९२४ मध्ये. त्यांनी तो बघितला नाही.

आता आजच्या वाचनाकडे या. पौल करिंथच्या लोकांना सांगतोय की देव आपल्या दुःखात आपलं सांत्वन करतो, आणि ते सांत्वन आपल्यापाशीच ठेवण्यासाठी नाही. ज्या सांत्वनाने आपण सावरलो, तेच घेऊन दुसऱ्या दुःखी माणसाकडे जायचंय. मी हा भाग कितीदा वाचला असेल, पण पाचारणाचा भाग म्हणून कधी वाचला नव्हता.

माझी गोष्ट सांगते, छोटीशीच आहे. मी नववीत असताना पप्पांची कंपनी अचानक बंद झाली. आठ महिने घरात पगार नव्हता. पप्पा रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचे, कुठे जायचे ते आम्हाला माहीत असायचं आणि आम्ही विचारायचो नाही. त्या दिवसांत मंडळीतल्या एक मावशी दर शनिवारी यायच्या. पिशवीत तांदूळ, डाळ, कधी गोडेतेल. त्या कधी उपदेश करायच्या नाहीत. मम्मीबरोबर स्वयंपाकघरात खाली बसायच्या, चहा घ्यायच्या आणि जायच्या. ते दिवस मी कुणाला सांगत नाही. मला त्याची लाजच वाटत आलीय.

केडगावहून आल्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर चार मुली भाड्याने राहतात, त्यातली एक बीडकडची. कॉन्ट्रॅक्टवर असेंब्ली लाइनला होती. तिला कंपनीने ब्रेक दिला. तुम्हाला माहितीच आहे इकडे ब्रेक म्हणजे काय, सात महिने झाले की उद्यापासून येऊ नको. जिन्यात रडत बसली होती. घरी सांगितलं तर वडील परत बोलावून लग्न लावतील, म्हणून घरीही सांगितलेलं नाही.

त्या संध्याकाळी माझी प्रार्थनेची वेळ होती. खरंच सांगते, मी तिच्या बाजूने निघून वर जाणार होते, देवाला माझं पाचारण विचारायला! दोन पायऱ्या चढले आणि मला त्या मावशी आठवल्या. मग खाली आले आणि तिच्या शेजारी बसले. काय बोलायचं सुचेना. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा पप्पांच्या त्या आठ महिन्यांबद्दल कुणालातरी सांगितलं. रोज डबा घेऊन बाहेर पडायचे, हे सांगितल्यावर तिने मान वर केली. ती पण तेच करत होती. चार दिवस ड्रेस घालून, डबा घेऊन बाहेर जायची आणि बागेत बसायची, रूमवरच्या मुलींना कळू नये म्हणून.

ती दोन दिवस आमच्याकडे जेवली. तिचा बायोडेटा आम्ही नीट करून घेतला, शनिवारी सुट्टीच्या दिवशी तिच्याबरोबर चार-पाच कंपन्यांच्या गेटवर फिरले. अजून काम मिळालेलं नाही. मिळेलच असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. पण ती एकटी नाही हे तिला माहीत आहे, आणि तिने आता घरी आईला सांगितलंय.

हे माझं मिशन आहे का? मला माहीत नाही. पाड्यावर जायची माझी इच्छा अजून आहे, आणि प्रभूने पाठवलं तर जाईनही. पण ज्या आठवणीची मला लाज वाटायची तीच त्याने वापरायला काढली, एवढं मी बघितलं. रमाबाईंचं दोन हजारांचं काम आणि माझा एक जिना, दोन्हींची बरोबरी होऊच शकत नाही. पण सुरुवात मला दोन्हीकडे सारखी दिसते. समोर कुणीतरी आहे, आणि तिचं दुःख आपल्या ओळखीचं आहे.

आमच्या शॉपमध्ये एक जॉब आठ-दहा ऑपरेशनमधून जातो. मधल्या मशीनवरच्या माणसाला तो शेवटी कुठे बसणार हे दिसत नाही. तो आपलं एक ऑपरेशन नीट करतो आणि पुढे देतो. ड्रॉइंग असतं, पण ते दुसऱ्याच्या हातात असतं. आपल्या बाबतीत तो हात खिळ्यांचे वण असलेला आहे, एवढं मला पुरे आहे.

आज मनन करण्यासाठी

१. मी देवाची योजना शोधतोय, की देवाला? शेवटचं काही न मागता त्याच्याजवळ कधी बसलो होतो?

२. माझ्या आयुष्यात कोणतं दार बंद झालं? त्याच सुमारास दुसरं काय उघडलं होतं, जे मी बघितलं नाही?

३. कोणत्या दुःखातून प्रभूने मला सावरलं? तेच दुःख आज माझ्या आजूबाजूला कुणाला आहे? एक नाव लिहा, आणि या आठवड्यात त्या व्यक्तीला भेटा.

प्रार्थना

हे प्रभू येशू, मला सगळं आधी कळायला हवं असतं, हा माझा हट्ट तू जाणतोस. जे गेलं, जे मोडलं, ज्याची मला लाज वाटते, ते सगळं आज तुझ्या हातात देते. तू मला सावरलंस हे मी विसरू नये. जिन्यात, बसमध्ये, कामावर जी व्यक्ती तू माझ्यासमोर ठेवशील तिच्या बाजूने मी निघून जाऊ नये. केडगावच्या तुझ्या दासीसारखं मलाही आजचं काम आज करायला शिकव, आणि उद्याचं तुझ्यापाशी राहू दे. तुझ्याच नावात मागते. आमेन.

उद्या भेटू या. तोपर्यंत प्रभू तुम्हाला सांभाळो.